धुण्याची धोंड आणि सांडपाण्याची वाट

कोकणातील घराची मांडणी सांगताना अभ्यासक बहुधा ओटीपासून आरंभ करतात आणि माजघर, देवघर, स्वयंपाकघर असे करत मागीलदारापाशी थांबतात. धुण्याची जागा त्याच्याही पलीकडे, ज्या भागाला घर म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा अशा ठिकाणी असल्यामुळे तिची नोंद घेण्याचे सहसा राहून जाते. वास्तविक घर बांधताना जे निर्णय आधीच घ्यावे लागत आणि एकदा घेतल्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरवता येत नसत, त्यांत विहिरीच्या खालोखाल या जागेचा क्रम लागतो. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावाच्या परिसरात गेल्या दीडशे वर्षांत घरे कौलारू होती ती स्लॅबची झाली, पाणी रहाटावरून ओढले जात होते ते नळाने येऊ लागले आणि धुण्याचा दगड जाऊन यंत्र आले. या सर्व बदलांत धुण्याची जागा कशी सरकत गेली हे पाहिले असता असे दिसते की, पाणी कोठून येते यापेक्षा वापरलेले पाणी कोठे जाते या प्रश्नानेच ती अधिक वेळा ठरवली आहे.

मिरजोळ्याचे नाव आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि विमानतळामुळे बाहेरच्यांच्या कानावर असते, आणि ही दोन्ही ठिकाणे ज्या भूमीवर उभी आहेत तिला स्थानिक बोलीत सडा म्हणतात. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील उघडा, जवळजवळ सपाट कातळ, ज्यावर पावसाळ्यात गवत उगवते आणि मार्गशीर्षापासून पाण्याचा थेंब दिसत नाही. हा कातळ जांभ्याचा, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे साचून बनलेल्या तांबड्या, सच्छिद्र खडकाचा आहे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात केरळातील अंगाडीपुरम येथील याच खडकाचे वर्णन करून त्याला विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट हे नाव दिले, आणि जगभरचे भूशास्त्र आजही तेच वापरते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि जांभ्याच्या छिद्रांतून व भेगांतून झिरपून उतारावरील झऱ्यांवाटे समुद्राकडे निघून जातो. त्यामुळे एकाच घराला श्रावणात पाणी कोठे घालवावे ही चिंता आणि वैशाखात ते कोठून आणावे ही विवंचना, अशा दोन परस्परविरुद्ध अडचणींना एकाच मांडणीने तोंड द्यावे लागे.

ज्यांच्या अंगणात विहीर नव्हती, आणि असे लोकच संख्येने अधिक होते, त्यांचे धुणे घरी होत नसे. ते पऱ्यावर जात असे. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात दुथडी वाहणारा आणि पुढे माघ-फाल्गुनापर्यंत कसाबसा टिकणारा लहान ओढा. त्याच्या काठच्या गुळगुळीत काळ्या दगडांपैकी कोणता कोणत्या घराचा हे कोठे लिहिलेले नसले, तरी वाडीत सर्वांना ठाऊक असे. पऱ्याच्या वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरायचे, त्याखाली आंघोळी आणि धुणी, आणि सर्वांत खाली गुरे, असा क्रम कोकणातील पाणवठ्यांवर सर्वत्र आढळे, आणि तो आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. परंतु याच क्रमावर जातीचीही उतरंड रचली गेली होती, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले त्यांच्या वाट्याला वरच्या सर्वांनी वापरून सोडलेले पाणी येई. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. खुद्द रत्नागिरीत १९२४ पासून स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी स्पर्शबंदी मोडण्याची चळवळ चालवली आणि १९३१ मध्ये तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले. या घटनांचा इतिहास पिण्याच्या पाण्याच्या आणि देवदर्शनाच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. धुण्याच्या पाण्याबाबतची विषमता मात्र तुलनेने कमी चर्चिली गेली, याचे एक कारण असे की, ज्याच्या परसात स्वतःची विहीर आली त्याने पऱ्यावरचा वाद न सोडवताच मागे टाकला.

परसातली विहीर ही खर्चाची गोष्ट होती, कारण वरचा टणक जांभा फोडल्यावर खालच्या मऊ, पांढरट चिकण मातीच्या थरातून जाऊन पाणी गाठावे लागे आणि हा थर ढासळू नये म्हणून विहीर आतून चिऱ्यांनी बांधून काढावी लागे. खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारे वतनदार, आणि सुस्थितीतील भिक्षुक किंवा व्यापारी यांनाच ती परवडे. अशा घरांची रचना बरीचशी ठरलेली होती: समोर शेणाने सारवलेले खळे, मग पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्या दाराबाहेर पुन्हा एक मागील पडवी, आणि या पडवीच्या एका टोकाला न्हाणी. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी चिऱ्यांचा किंवा झापांचा आडोसा केलेली स्नानाची जागा. तिच्या भिंतीला लागून पाणचूल, म्हणजे केवळ आंघोळीचे पाणी तापवण्याची चूल असे, आणि तिच्यात नारळाची सोडणे, चुडते, वाळलेला पातेरा असे जे स्वयंपाकाच्या चुलीत घालण्याजोगे नसे ते जाळले जाई. धुण्याची धोंड याच टापूत, न्हाणी आणि विहीर यांच्या मध्ये कोठेतरी बसवलेली असे.

हे ‘कोठेतरी’ मात्र अत्यंत विचारपूर्वक ठरवलेले असे. धोंड विहिरीच्या फार जवळ नको, कारण साबण किंवा राख मिसळलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून पुन्हा विहिरीत उतरते, हे भूजलशास्त्र शिकल्याशिवायही लोकांना चवीवरून कळत असे. फार दूरही नको, कारण प्रत्येक कळशी कमरेवरून वाहून न्यावी लागे आणि नऊवारी लुगडे खळखळून काढायला अशा कित्येक कळश्या लागत. म्हणून ती विहिरीच्या उताराकडील अंगाला, पाणी मागे न फिरता पुढे जाईल अशा बेताने बसवली जाई. घराचे बाकी सर्व चिरे जांभ्याचे असले तरी धोंड जांभ्याची करत नसत, कारण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर कापड अडकून फाटते आणि त्याची तांबडी भुकटी पांढऱ्या धोतराला कायमचा डाग देते. त्यासाठी नदीपात्रातला किंवा खाणीतला काळा दगड मुद्दाम गाडीतून आणला जाई. तो हातभर रुंद, दीड-दोन हात लांब असे, धुणाऱ्या बाईच्या बाजूने किंचित उंच आणि पलीकडच्या बाजूने उतरता बसवलेला असे, आणि कापड आपटून आपटून त्याच्या मध्यभागी कालांतराने तळहाताएवढा गुळगुळीत खळगा पडे. शेजारी दगडी दोण, म्हणजे एकाच दगडात कोरलेले पाण्याचे कुंड, असल्यास ते घर संपन्न समजावे. धोंडीची उंची मात्र बहुतेक ठिकाणी उकिडवे बसूनच काम करावे लागेल अशी होती. घराचा आराखडा गवंडी आणि घरातील कर्ते पुरुष ठरवत आणि त्यांच्यापैकी कोणीही त्या दगडावर रोज दोन तास बसत नसे, हे लक्षात घेतले की हा दोष इतकी वर्षे का टिकला याचा उलगडा होतो.

न्हाण्या-धुण्याच्या दगडाची एक साहित्यिक साक्ष सर्वांना परिचित आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात, ज्याची पार्श्वभूमी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडची आहे, स्नानानंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने आपले वस्त्र दगडावर पसरावे असा हट्ट मुलगा करतो. मनाच्या शुद्धतेचा धडा म्हणून हा प्रसंग शाळाशाळांतून सांगितला गेला. घराच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातून इतके निश्चित होते की, सामान्य ब्राह्मण घरातही स्नानाचा दगड मोकळ्यावर होता आणि त्याच्याभोवतीची जमीन मातीची होती.

धोंडीवरून उतरलेले पाणी वाया घालवणे कोकणी गृहस्थाला मानवणारे नव्हते. दगडाच्या पायथ्यापासून मातीत ओढलेला अरुंद पाट हे पाणी प्रथम अळूच्या वाफ्यात, तेथून केळींच्या आळ्यात आणि शेवटी नारळाच्या मुळाशी नेई. पाटाच्या कडेने कर्दळ लावलेली असे. धुण्यासाठी चुलीतली राख, रिठे आणि शिकेकाई वापरली जात होती तोवर ही व्यवस्था निर्धोक होती, इतकेच नव्हे तर राखेतील पालाश नारळाला मानवत असे. चैत्र-वैशाखात, जेव्हा शिपण्यासाठी, म्हणजे बागेला हाताने पाणी घालण्यासाठी, विहिरीत पाणीच उरत नसे, तेव्हा मागीलदारची तेवढी केळ धुण्याच्या पाण्यावर तग धरून राही. एखाद्या घरात धुण्याची जागा आज बुजलेली असली तरी जुन्या अळूच्या वाफ्याची जागा विचारल्यास ती चटकन सापडते, हा अनुभव कोकणातील जुनी घरे पाहणाऱ्या कोणालाही येईल.

येथवर केवळ उताराचा आणि पाण्याचा विचार झाला. परंतु उच्चवर्णीय घरांत धुण्याच्या जागेला सोवळ्याचा दुसरा नियम लागू होता. सोवळे म्हणजे स्नानोत्तर शुद्धावस्था, आणि त्या अवस्थेत नेसायचे धूतवस्त्रही. असे वस्त्र स्नान केलेल्या व्यक्तीनेच धुवायचे, पारोशा माणसाचा, म्हणजे ज्याची आंघोळ झालेली नाही त्याचा स्पर्श होणार नाही अशा ठिकाणी वाळत घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी तसेच उचलून नेसायचे असे. यासाठी माजघरात किंवा मागील पडवीत आढ्याला दोरांनी टांगलेली बांबूची दांडी असे, आणि ती हात पोहोचणार नाही इतकी उंच असल्यामुळे वस्त्र तिच्यावर टाकण्यासाठी व काढण्यासाठी वेगळी काठी ठेवलेली असे. याचा परिणाम असा की एकाच घरात धुण्याचे निदान तीन प्रवाह झाले: सोवळ्याची वस्त्रे न्हाणीतच धुतली जाऊन आत जात, रोजचे कपडे धोंडीवर धुतले जाऊन परसातील वलणीवर, म्हणजे दोन पोफळींच्या मध्ये बांधलेल्या दोरीवर जात, आणि विटाळाचे किंवा बाळंतिणीचे कपडे या दोन्ही जागा टाळून परसाच्या पार कडेला, पुष्कळदा त्याच बाईकडून, धुतले जात. शुद्धतेच्या कल्पनेने घरातील सर्वांत थकलेल्या बाईला सर्वांत लांब पाणी वाहायला लावले, असा याचा सरळ अर्थ होतो, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात हे सर्व नियम वाकत. आषाढात सुती कापड तीन-तीन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो, तेव्हा सुती सोवळ्याऐवजी धाबळी, म्हणजे लोकरीचे वस्त्र, किंवा मुकटा, म्हणजे रेशमी वस्त्र नेसण्याची शास्त्राने दिलेली मुभा कोकणात मनापासून वापरली जाई, कारण ही वस्त्रे रोज धुवावी लागत नसत. उरलेले कपडे पाणचुलीच्या वर ताणलेल्या दोरीवर जात आणि धुराचा वास घेऊनच अंगावर येत. मागील पडवीची उघडी बाजू झापांनी बंद करून धुणे आत घेतले जाई. पडवी पुरेशी खोल ठेवण्यामागे पागोळ्यांचे, म्हणजे कौलांवरून ओघळणाऱ्या पाण्याचे तुषार आत येऊ नयेत हा हेतू असे, आणि पडवीची लांबी पुष्कळदा लुगड्याच्या लांबीवर जाई, कारण नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड दुमडून घातले तरी चार मीटरची दांडी लागतेच. पुढे पाचवारी साडी रूढ झाली तेव्हा धुणे हलके झाले आणि दांडीही आखूड चालू लागली. घराच्या मापांवर वस्त्राचा असा परिणाम होतो याकडे वास्तुविषयक लेखनात फारसे लक्ष दिलेले आढळत नाही.

परीट, म्हणजे वंशपरंपरेने कपडे धुण्याचा व्यवसाय करणारी जात, देशावरील गावगाड्यात बलुतेदार म्हणून पक्की बसलेली होती. लग्नात वऱ्हाडाच्या पायांखाली पायघड्या घालण्याचा मान परटाचा असे, आणि भट्टीत कपडे उकळून, नीळ देऊन, पेजेची खळ घालून आणण्याचे कसब त्याच्याकडे होते. तथापि कोकणात घरे एकमेकांपासून दूर, वाडीवाडीने विखुरलेली असल्यामुळे रोजचे धुणे घरच्या बायकांकडेच राहिले. याच जातीत विदर्भातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पुढे खराटा हाती घेऊन गावोगाव स्वच्छतेचा प्रसार केला, आणि महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. त्या अभियानात सांडपाण्याच्या व्यवस्थेला गुण होते.

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास मुंबई वगळून लिहिता येत नाही, आणि धुण्याचा इतिहासही त्याला अपवाद नाही. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी नळाने मिळू लागले. गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्यांच्या चाळीतील खोलीत मोरी होती, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा कट्टा घालून वेगळी केलेली, भिंतीतील भोकातून पाणी बाहेर सोडणारी जागा. आंघोळ, भांडी आणि धुणे ही तिन्ही कामे तेथे पाळीपाळीने होत. कोकणी माणसाने घराच्या आत धुणे प्रथम तेथे पाहिले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मनीऑर्डरच्या पैशांतून गावची घरे दुरुस्त होऊ लागली तेव्हा स्वयंपाकघराला लागून सिमेंटची मोरी आली, यात चाळीतील सवयीचा वाटा असावा असे मानण्यास जागा आहे. मात्र मुंबईच्या मोरीखाली नगरपालिकेचे गटार होते आणि गावच्या मोरीखाली काहीच नव्हते. भोकातून बाहेर पडलेले पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचू लागले, तेथे डास झाले, आणि घराच्या ज्या बाजूला पूर्वी अळू होता तेथे शेवाळ धरले.

त्याच सुमारास पाण्याचा गुणधर्मही बदलत होता. सनलाइट साबणाच्या वड्या इंग्लंडहून हिंदुस्थानात १८८८ पासून येत होत्या, पण खेड्यातील घरात साबण दीर्घकाळ जपून वापरण्याची वस्तू राहिला. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांची स्वस्त निरमा बाजारात आल्यावर धुण्याची भुकटी सर्वांच्या आवाक्यात आली. या भुकटीतील सोडियमचे क्षार आळ्यात साचले की माती घट्ट होते आणि केळ पिवळी पडते. ज्या पाण्यावर परसबाग जगत होती तेच पाणी तिच्यापासून दूर नेण्याची वेळ आली, आणि धुण्याची जागा बागेच्या शेजारी असण्याचे जुने कारण संपले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढे मिरजोळ्याच्या सड्यावर त्याची वसाहत उभी राहिली. जेथे पाणी नाही म्हणून कोणी घर बांधत नसे त्या कातळावर जलवाहिन्या, रस्ते आणि मागोमाग बंगले व सदनिका आल्या. नळ आला की धुण्याची जागा विहिरीला बांधलेली राहत नाही. ती नळाची तोटी, विजेचा खटका आणि पाणी सोडण्याची नळी जेथे एकत्र येतील तेथे जाते. धुलाई यंत्राने तर दगडाची, उताराची आणि उकिडवे बसण्याची गरजच संपवली, आणि कोणत्याही सुधारकी व्याख्यानापेक्षा या एका वस्तूने मागीलदारच्या बायकांची पाठ अधिक वाचवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. सदनिकांत यंत्रासाठी स्वयंपाकघरामागे दिलेल्या अरुंद सज्जाला बांधकाम व्यावसायिक ड्राय बाल्कनी म्हणतात. तिचे तोंड पश्चिमेला असल्यास जून ते सप्टेंबर ती कोरडी राहत नाही, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने यंत्राचा पत्रा काही वर्षांत गंजतो. हल्ली यंत्र कोणत्या दिशेला ठेवावे याचा सल्ला देणारे वास्तुतज्ज्ञही मिळतात. प्राचीन ग्रंथांत पूर्वेला स्नानगृह आणि आग्नेयेला पाकगृह असे दिशांचे वाटप आहे खरे, परंतु उतारावरच्या कोकणी घराने दिशा पाळली ती जमेल तेवढीच, कारण पाणी होकायंत्र पाहून वाहत नाही.

सांडपाण्याचा प्रश्न आता शोषखड्ड्याने सोडवला जातो. शोषखड्डा म्हणजे दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेला, पाणी हळूहळू जमिनीत मुरवणारा खड्डा. परंतु सड्यावरील वरचा कातळ इतका टणक असतो की त्यात खड्डा घेणेच अवघड जाते, आणि जेथे जांभा भेगाळलेला असतो तेथे पाणी मुरण्याऐवजी सरळ खालच्या विहिरीकडे धाव घेते. सड्याच्या पायथ्याच्या वाड्यांतील विहिरी अजून वापरात आहेत. जलजीवन मिशनने २०१९ पासून दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले असले, तरी नळाला पाणी नसलेल्या दिवशी लोक त्या विहिरींवरच जातात. यंत्राच्या एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते आणि सड्यावर वापरलेले हे पाणीही त्याच भेगांतून खाली उतरते, म्हणजे पऱ्यावरील वरचे-खालचे हे नाते मिटले नसून जमिनीखाली गेले आहे, आणि तेथे ते डोळ्यांना दिसत नाही.

अलीकडच्या बांधकामात आणखी एक जागा पुढे आली आहे. कोकणच्या पावसात सपाट स्लॅब गळतो हे अनुभवाने कळल्यावर बहुतेकांनी गच्चीवर लोखंडी खांब उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढवले. त्याला पावसापासून संरक्षण एवढाच हेतू होता, पण त्याखाली बाजूंनी वारा खेळणारी, वरून कोरडी आणि लुगड्याच्या मापालाही पुरेल अशी मोठी जागा तयार झाली. तेथे प्रथम दोऱ्या बांधल्या गेल्या, मग वाळत घालण्यासाठी ओल्या कपड्यांच्या बादल्या जिन्याने वर नेण्यापेक्षा यंत्रच वर ठेवलेले बरे असा विचार झाला, आणि पाण्याची टाकी डोक्यावरच असल्यामुळे नळ घेणेही सोपे गेले. यंत्राची नळी मात्र बहुतेक ठिकाणी पावसाचे पाणी खाली आणणाऱ्या पन्हळीच्या नळातच सोडलेली असते, आणि तो नळ शेजाऱ्याच्या कुंपणापाशी संपतो. त्यावरून होणाऱ्या तक्रारी ग्रामपंचायतींपर्यंत जातात.